जुने शब्दकोश आणि आपल्या खोऱ्यांतील झाडे-मासे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्यावे, असा कार्यवाहांचा आग्रह यंदा पुन्हा झाला. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि आंबेगाव व जुन्नर या दोन तालुक्यांतील शाळांतून सारी नोकरी केलेला एक सेवानिवृत्त शिक्षक, एवढीच माझी ओळख. गडकोट, लेणी, घराणी यांविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. मी आज एका लहानशा विषयाकडे वाचक बंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या आपल्या नद्यांच्या खोऱ्यांत झाडांना व माशांना जी नावे आहेत, त्यांची जुन्या शब्दकोशांनी काय दखल घेतली, आणि जी घेतली नाही ती का घेतली नाही, हा तो विषय होय.

या विषयाकडे मला माझ्याच एका चुकीने आणले. ती आधी सांगतो.

एक खोडलेला शब्द

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका शाळेत मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. मुलांना 'आमची नदी' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. घोडेच्या काठी राहणाऱ्या एका मुलाने लिहिले होते की, आमच्या डोहात नकटा, शिंगटी, घोगऱ्या आणि मळ्या असे मासे आहेत. मी 'नकटा' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि वर्गापुढे त्याला विचारले, "अरे, नकटा म्हणजे नाक कापलेला किंवा बसक्या नाकाचा माणूस. मासा कधी नकटा असतो काय?" वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, पण डोहात हाय त्यो. बाबांनी धरला व्हता." मी शाळेच्या कपाटातून लहान शब्दकोश काढला, ते पान उघडून त्याच्यापुढे धरले आणि म्हणालो, "कोशात नाही. तेव्हा शब्द खोड." त्याने तो निमूटपणे खोडला.

त्या वेळी मला आपण कर्तव्य बजावले असेच वाटले. शुद्ध भाषा शिकविणे हे शिक्षकाचे काम, आणि शुद्ध काय ते कोश सांगणार, अशी माझी समजूत होती. ती किती अपुरी होती हे कळावयास निवृत्ती यावी लागली. ते कसे, हे सांगण्यापूर्वी कोशांचा थोडा मागोवा घेतला पाहिजे.

कोश कोणी केले, कसे केले

आपल्याकडे कोशवाङ्मयाची परंपरा फार जुनी आहे. अमरसिंहाचा अमरकोश दीड हजार वर्षांच्या आसपासचा मानतात, आणि पूर्वी मुलांना तो मुखोद्गत करावयास लावीत. त्यात झाडाझुडपांसाठी 'वनौषधिवर्ग' हा स्वतंत्र भाग आहे, तर माशांची नावे 'वारिवर्गा'त, म्हणजे पाण्याच्या प्रकरणात, आली आहेत. रोहित, मद्गुर, पाठीन, शफरी ही नावे तेथे भेटतात. यांपैकी रोहित आज 'रोहू' म्हणून बाजारात आहे, मद्गुर 'मांगूर' होऊन राहिला आहे, आणि शफरी मात्र उथळ पाण्यात फुरफुरणाऱ्या क्षुद्र प्राण्याची उपमा म्हणून सुभाषितांतच उरली आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याची क्रीडा, यावर एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे आकार, त्यांना घालावयाचे आमिष असा बारीक तपशील त्यात आहे. तेव्हा 'आपल्या पूर्वजांनी या विषयाकडे पाहिलेच नाही' असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे.

मराठी कोशांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला. त्यानंतर १८२९ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने शास्त्रीमंडळींनी केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघू लागला. १८३१ साली जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंचे त्यास साहाय्य होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते, ते १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांवर गेले. आजही मराठीचा कोणताही अभ्यासक हा कोश दूर सारू शकत नाही. त्यापुढील मोठा टप्पा म्हणजे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश'. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. ही सर्व कामे किती कष्टाची होती हे ज्याने शंभर शब्दांची यादी कधी स्वतः केली असेल त्यालाच कळेल. म्हणून पुढे जे लिहितो ते त्या थोर पुरुषांस दोष देण्याच्या बुद्धीने लिहीत नाही.

या कोशांची पाने चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. व्यवहार, कायदा, धर्म, शेतसारा, घोडे, दागिने यांचे शब्द आले म्हणजे कोशकाराची लेखणी खुलते. एका शब्दाचे पाच पाच अर्थ, त्यांतील सूक्ष्म भेद, म्हणी, वाक्प्रचार असे सारे येते. परंतु माशाचे नाव आले की पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की, 'एक मासा', 'माशाची एक जात'. रानातल्या झुडपाचे नाव आले की 'एक वनस्पती', 'एक झाड'. कोणता मासा, किती मोठा, खवल्यांचा की बिनखवल्यांचा, डोहातला की खळखळत्या पाण्यातला, हे तेथे बहुधा नसते.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. कोशासाठी शब्द गोळा करणारी मंडळी पोथ्या, दप्तरे व सुशिक्षितांचे बोलणे यांवर अवलंबून होती. जाळे टाकणारा भोई किंवा कोळी, हिरडा गोळा करणारी ठाकर किंवा महादेव कोळी बाई, यांच्यापुढे बसून 'हे काय, याला काय म्हणता, ते त्यापासून वेगळे कसे ओळखता' असे विचारण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला असेल. ज्या वस्तूला हात लागत नाही तिच्या नावाचा अर्थ 'एक अमुक' असाच होणार. मला तर आता असे वाटते की, कोशात जेथे 'एक मासा' असे लिहिले आहे, तेथे कोशकाराने पुढच्यांसाठी एक रिकामी जागा राखून ठेविली आहे.

सायक्ससाहेबाची किल्ली

ती जागा एका निराळ्याच माणसाने थोडीबहुत भरली. त्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स. हा कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. १८२४ साली त्याची दख्खनच्या मुलखाची आकडेवारी व माहिती जमविण्याच्या कामावर नेमणूक झाली. पेशवाई जाऊन तेव्हा उणीपुरी सहा वर्षे झाली होती. जमिनीचे धारे, पिके, पाऊस, लोकसंख्या यांबरोबर त्याने या मुलखातील पक्षी व मासे यांचाही अभ्यास केला. दख्खनमधील माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे १८३८ साली वाचला गेला, आणि त्यातील नव्या जाती १८३९ पासून त्याच्या नावावर मोडतात.

शास्त्रीय पद्धतीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव असते, पहिले कुळाचे आणि दुसरे त्या जातीचे. दुसरा शब्द बहुधा लॅटिन असतो किंवा एखाद्या मोठ्या माणसाच्या सन्मानार्थ दिलेला असतो. सायक्सनेही काही नावे आपल्या मित्रांवरून दिली. परंतु कितीतरी माशांना त्याने आपल्या नदीकाठच्या माणसांनी सांगितलेले मराठी नावच जसेच्या तसे दिले. मुळा-मुठेतील मोठा महासीर 'खुद्री' झाला. मिशा असलेला एक मासा 'सींगटी' झाला. दुसरा 'गोग्रा', तिसरा 'मुल्या', चौथा 'कुतुर्नी', पाचवा 'पोटेल', आणि इंद्रायणीतला एक 'नुक्ता'.

प्रथम वाचताना ही नावे परकी वाटतात. परंतु सायक्सच्या लेखनाची एक किल्ली आहे. त्या काळचे इंग्रज आपला ऱ्हस्व 'अ' त्यांच्या 'यू' अक्षराने लिहीत. सायक्सने 'दख्खन' हा शब्द 'डुखुन' असा लिहिला आहे, आणि 'जुन्नर'मधील शेवटचा 'अ'देखील त्याने 'उ'सारखा लिहून त्याचे 'जूनुर' केले आहे. ही किल्ली लावली की कुलूप उघडते. 'मुल्या' म्हणजे मल्या, आपला मळ्या, तोंडाखालच्या चकतीने खडकाला चिकटून राहणारा. 'सींगटी' म्हणजे शिंगटी, जिच्या परांतील काटे बोटात शिंगासारखे घुसतात. 'गोग्रा' म्हणजे घोगरा. 'कुतुर्नी' म्हणजे कतरणी, ज्यात कातरण्याचा भाव आहे असे मला वाटते. 'पोटेल' या शब्दाने तर मला मोठी मौज वाटली. त्या काळच्या इंग्रजी दप्तरांत गावच्या पाटलाला 'पोटेल' असेच लिहीत. तेव्हा एखाद्या भोयाने साहेबापुढे मासा टाकून 'हा डोहाचा पाटील' असे सांगितले असावे, असे माझे अनुमान आहे. हे अनुमानच होय, पुरावा नव्हे. परंतु आपल्या गावचा पाटील लॅटिन पोशाखात लंडनच्या ग्रंथात जाऊन बसला असेल, तर त्याचे कोणास कौतुक वाटणार नाही?

आणि 'नुक्ता'? तो त्याच किल्लीने 'नकटा' होतो. या माशाच्या मुस्कटावर पुढे आलेला मांसल उंचवटा असतो आणि त्याखाली खोल खाच असते. समोरून पाहिले तर नाक चिरल्यासारखे दिसते. पुढे १८५५ साली ब्लीकर या डच मत्स्यशास्त्रज्ञाने या माशाच्या कुळाला जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थही 'चिरलेल्या मुस्कटाचा' असाच आहे. ग्रीक जाणणाऱ्या पंडिताला जे दिसले ते आपल्या नदीकाठच्या निरक्षर माणसाला त्यापूर्वीच दिसले होते, आणि त्याने एका शब्दात सांगितले होते. चोचीवर असाच उंचवटा असलेल्या एका बदकालाही नकटा म्हणतात, यावरूनही या नावाची संगती लागते.

हे सारे मला दाखविले ते माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो प्राणिशास्त्राचा अध्यापक झाला आहे. दिवाळीत भेटीस आला असता बोलण्याच्या ओघात मी त्याला खोडलेल्या शब्दाची गोष्ट गमतीने सांगितली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सायक्सच्या निबंधातील ती नावे आणून माझ्यापुढे ठेविली. शिंगटी, घोगऱ्या, मळ्या आणि नकटा. त्या चौथीतल्या मुलाने लिहिलेले चारही मासे तेथे होते. मी त्या रात्री फार वेळ जागा होतो.

दगडावर कोरलेली झाडे

आपल्या वाचकांस सांगावयास आनंद वाटतो की, हाच सायक्स जुन्नरच्या लेण्यांतही फिरला होता. तेथील शिलालेखांच्या नकला त्याने केल्या व १८३७ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्या काळी हे लेख नुकतेच कोठे वाचता येऊ लागले होते. पुढे विद्वानांनी ते उलगडले तेव्हा त्यांत झाडांची नावे निघाली. मानमोडी डोंगरातील लेण्यांत आडुथुम नावाच्या एका शकाच्या दानाचा लेख आहे. कोणाचिक नावाच्या श्रेणीशी, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाशी, संबंधित असलेल्या या गृहस्थाने काही निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि काही वडासाठी दिली. निवर्तन हे तेव्हाचे जमीन मोजण्याचे माप.

त्या प्राकृत लेखात 'करज' आहे आणि 'वड' आहे. सुमारे अठराशे वर्षे लोटली. सातवाहन गेले, यादव गेले, निजामशाही, मोगलाई, पेशवाई, इंग्रजी सारे आले आणि गेले. तथापि आपण आजही वडाला वडच म्हणतो, आणि करंजाच्या नावात एका अनुस्वाराखेरीज फरक नाही. राज्यांपेक्षा झाडांची नावे अधिक टिकाऊ असतात, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. गावांची नावे पाहिली तरी हेच दिसते. उंब्रज, बोरी, पिंपळवंडी, निमगाव, चिंचोली, आंबेगाव. आपल्या वाडवडिलांनी गाव वसविले तेव्हा तेथे जे झाड उभे होते, तेच गावाच्या नावात उभे राहिले. मीना नदीच्या नावात 'मीन' आहे असे विद्यार्थ्यांस सांगण्याचा मोह मलाही होत असे. परंतु ऐकावयास गोड लागते म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

हिरडा, कारवी आणि शिंदळमाकुडी

वनस्पतींच्या बाबतीत कोशांची स्थिती माशांपेक्षा बरी आहे, कारण झाड औषधाला लागते आणि वैद्यांनी निघंटू लिहून ठेविले आहेत. आपल्या पश्चिम भागातील हिरड्याचेच उदाहरण घेऊ. अमरकोशात हरीतकीला अभया, पथ्या, अमृता, शिवा अशी अनेक नावे आहेत. ही सर्व तिचे गुण सांगतात. शास्त्रीय नावात 'चेबुला' हा शब्द आहे, तो काबूलवरून आला, कारण व्यापारात हा माल 'काबुली' म्हणून ओळखला जाई. म्हणजे भीमाशंकरच्या रानात पिकणाऱ्या फळाच्या कपाळी काबूलचा शिक्का बसला!

परंतु खरे ज्ञान बाजारातील साध्या शब्दांत आहे. बी धरण्यापूर्वीच काढलेला किंवा गळालेला तो बाळहिरडा. अर्धवट तयार झालेला, कातडी कमावण्यास व रंगास उपयोगी पडणारा तो रंगारी हिरडा, त्यालाच चांभारी हिरडाही म्हणतात. पूर्ण पिकलेला, मोठा तो सुरवारी हिरडा. ज्यांस माहीत नाही ते समजतात की या झाडाच्या तीन जाती आहेत. वस्तुतः झाड एकच, वयाच्या तीन अवस्था. मुलाला तान्हे, कुमार, तरुण म्हणावे तसेच हे. उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरडा झोडपून, वाळवून विकणे हा आपल्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी कुटुंबांचा पैसा पाहण्याचा मुख्य हंगाम असतो. त्यामुळे हा शब्दभेद त्यांच्या पोटाशी बांधलेला आहे. शब्द चुकला तर भाव चुकेल.

जुन्नर तालुक्याचा वनस्पतिशास्त्राशी आणखी एक संबंध आहे, तो फारच थोड्यांस ठाऊक असतो. नारायणगावजवळील हिवरे येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी औषधी वनस्पतींची बाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती-उद्यानाबरोबर तिचीही देखरेख करीत. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी तेथे तयार होत. हेच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. निकोल डॅलझेल यांच्यासह त्यांनी १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती आणि हा ग्रंथ यांत केवळ चार वर्षांचे अंतर. एक शब्दांवरून वस्तूकडे जाणारा, दुसरा वस्तूवरून शब्दाकडे येणारा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे कित्येक झाडांचे कोडे सुटते.

कारवीची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या घाटमाथ्यावर कित्येक वर्षांच्या अंतराने एकदाच फुलून डोंगर निळाजांभळा करणारी, आणि काठ्यांचा कूड करून घराची भिंत होणारी ही कारवी. १९४४ साली ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यासाठी जे नवे कुळ मानले, त्याला त्याने 'कार्विया' हे नाव दिले. ज्या शब्दाने आपली आजी कुडाच्या काठ्या मागत असे, तोच शब्द असा जगाच्या ग्रंथांत गेला.

अखेरचे उदाहरण शिवनेरीच्या कड्यावरचे. ज्या गडावर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला, त्या गडाच्या खडकांत एक लहानशी मांसल खोडाची वनस्पती उगवते. तिला पावसाळ्याच्या अखेरीस तांबूस जांभळी, ताऱ्याच्या आकाराची फुले येतात. सह्याद्रीच्या थोड्याच कड्यांवर ती आढळते व अत्यंत दुर्मीळ आहे. डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया' हे नाव दिले. तिचे जुने मराठी नाव शिंदळमाकुडी. अलीकडे तिला 'शिवसुमन' हे सुंदर नाव मिळाले आहे. जुन्या नावातील पहिला शब्द चारचौघांत उच्चारावयास संकोच वाटतो, हेही नव्या नावाच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. नवे नाव अवश्य असावे. शिवरायांच्या जन्मस्थानी फुलणाऱ्या फुलास ते शोभतेही. परंतु जुने नाव पुसले जाऊ नये. गुराख्यांनी हे झुडूप कड्यावर पाहिले, ओळखले आणि त्याला नाव दिले, तेव्हा ना डॅलझेल होता ना फ्रियर. गव्हर्नराचे नाव ग्रंथात राहते आणि गुराख्याचे शब्द वाऱ्यावर जातात, असे होऊ देणे योग्य नव्हे.

शब्द तोच, वस्तू दुसरी

कोशाला पंचांगासारखेच वर्ष असते, हे आपण विसरतो. दाते-कर्वे यांच्या कोशात 'गाजरगवत' शोधणे व्यर्थ आहे, कारण ते तण आपल्याकडे पुण्याच्या आसपास नोंदले गेले तेच १९५० नंतर. लोकांनी त्याच्या पानांवरून गाजरगवत म्हटले, आणि काहींनी काँग्रेस गवत म्हटले. 'चिलापी' हा मासाही तसाच. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला. त्याच्या 'तिलापिया' या नावाची आपल्या लोकांनी चिलापी करून टाकली. परकी वस्तू आली तरी जीभ आपलीच चालते.

अधिक सावध राहावे लागते ते जुनाच शब्द नव्या वस्तूवर बसतो तेव्हा. 'मांगूर' हा आपला जुना मासा, अमरकोशातील मद्गुराचा वारस. परंतु 'थाई मांगूर' म्हणून जो विकला जातो तो आफ्रिकेतला, अधाशी व इतर मासे फस्त करणारा. त्याच्या पैदाशीवर २००० साली बंदी घालण्यात आली. आता शंभर वर्षांनी कोणी 'मांगूर' शब्द वाचील आणि कोशात 'एक मासा' एवढाच अर्थ पाहील, तर त्याने कोणता मासा समजावा? घरचा की घर बुडविणारा?

डोह बुडाला, नावही बुडू नये

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. घोडेवर डिंभे येथे धरण झाले. जुने आंबेगाव, ज्याच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते पाण्याखाली गेले. त्या मुलाचा डोहही गेला. चार वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारात एका मासळीच्या पाटीमागे बसलेल्या मध्यमवयीन गृहस्थाने मला नमस्कार केला. पाटीत कटला, रोहू आणि चिलापी होते. ओळख पटली तेव्हा मी त्याला विचारले, "नकटा मिळतो का रे आता?"

तो म्हणाला, "नाही गुरुजी. बाबा गेल्यावर मी एकदा का दोनदा पाहिला असेल. पोरांना तर नावबी ठाऊक नाही."

मी त्याला सांगितले की, तू लिहिलेला शब्द बरोबर होता, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तो आहे, आणि मी तो तुला खोडावयास लावला ही माझी चूक झाली. तो संकोचून हसला. "तुम्हाला आठवतंय अजून?" एवढेच म्हणाला, आणि मी नको नको म्हणत असता त्याने दोन रोहू माझ्या पिशवीत घातले.

आज हा नकटा संकटग्रस्त माशांत गणला जातो. त्याचे पुन्हा वाढणे तुमच्या-माझ्या हाती फारसे नाही. परंतु त्याचे नाव आपल्या हाती आहे. शास्त्रज्ञांच्या नियमामुळे सायक्सने लिहिलेला 'नुक्ता' कायम राहील, कारण एकदा प्रसिद्ध झालेले शास्त्रीय नाव सहसा बदलता येत नाही. मराठी 'नकटा' राखण्याचा असा कोणताही नियम नाही. तो आपण बोललो तरच राहील.

म्हणून आपल्या सर्व सभासद कुटुंबांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आज पुण्या-मुंबईस स्थायिक झाले आहेत. सुटीत किंवा यात्रेस गावी जाल तेव्हा एक दोनशे पानी वही बरोबर न्या. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ, विशेषतः आजी, आत्या, मावशी यांच्याजवळ बसा. शेजारच्या वाडीतील कातकरी, ठाकर, कोळी, भोई मंडळींना मानाने विचारा. प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा: गाव व नदी किंवा डोंगर, कोणत्या ऋतूत दिसते, ओळखण्याची खूण, उपयोग, आणि त्या नावाची म्हण अगर गोष्ट असल्यास ती. उच्चार सुधारू नका. ते जसे बोलतील तसेच लिहा. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहा, भांडण लावू नका. 'एक मासा', 'एक झाड' असे मात्र लिहू नका. तेवढे कोशकारांनी आधीच लिहून ठेविले आहे.

अशा वह्या मंडळाच्या कार्यालयात जमा झाल्या, तर पुढील स्मरणिकेत त्यांतील निवडक शब्द छापण्याची व्यवस्था होऊ शकेल, असे कार्यवाहांनी मला सांगितले आहे. मीही माझी वही आरंभिली आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिला शब्द 'नकटा' लिहिला आहे, आणि पुढे अर्थ लिहिला आहे. सांगणाऱ्याच्या रकान्यात माझ्या चौथीच्या विद्यार्थ्याचे नाव आहे.

इत्यलम्.